मातेच्या रक्ताची साक्ष

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात महिला सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय विचारला तेव्हा माझे उत्तर ऐकून ते क्षणभर थांबले आणि संकोचाने म्हणाले, ‘‘बाई, सकाळी वधूवर परिचय आहे, दुपारी विद्यार्थ्यांचा गुणगौरव आहे. त्या दोहोंच्या मध्ये हा विषय कसा बसावा?’’ मी म्हणाले, नेमका तेथेच बसतो. विवाह आणि मुलाचा गुणगौरव यांच्या मध्ये जे नऊ महिने असतात त्यांविषयी आपण ओटीभरणापलीकडे चारचौघांत फारसे बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे जे घडते ते प्रयोगशाळेतील माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ पाहिले आहे. कार्यवाहांनी उदार मनाने संमती दिली. आता विषय रुक्ष वाटल्यास दोष त्यांचा नाही, माझा आहे.

गर्भवती स्त्रीचे दोन-चार मिलिलिटर रक्त घेऊन, त्यातील काही द्रव्यांचे प्रमाण मोजून, गर्भाच्या गुणसूत्रांत दोष असण्याचा संभव किती हे वर्तविणारी परीक्षा म्हणजे आपल्या घराघरांतून ‘डबल मार्कर’, ‘ट्रिपल मार्कर’, ‘क्वाड्रुपल मार्कर’ या नावांनी ओळखली जाणारी परीक्षा होय. नाव सर्वांच्या तोंडी आहे. अर्थ मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना सांगावयास हवा त्यांना तो सांगावयास वेळ नसतो.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगते. गावाचे व माणसांचे नाव सांगणार नाही.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता हे आपल्यापैकी अनेकींना स्मरत असेल. जावयाला अनारसे देऊन झाल्यावर पुन्हा एक श्रावण पाळावा लागला होता. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या आरंभी सत्तावीस वर्षांच्या एका मुलीचे रक्त आमच्याकडे तपासणीस आले. सोबतच्या कागदावर गर्भ एकोणीस आठवड्यांचा लिहिला होता. आल्फा फीटोप्रोटीन कमी निघाले, ईस्ट्रिऑल कमी निघाले, एच.सी.जी. दुपटीच्या घरात गेले. संगणकाने हिशेब करून ‘साठात एक’ असा आकडा दिला आणि त्याखाली तांबड्या अक्षरांत ‘हाय रिस्क’ असे छापले. चार दिवसांनी त्या मुलीचे सासरे, पती आणि मामा असे तिघेजण आले. मुलगी आली नव्हती. त्यांनी मला विचारले ते एवढेच, की मूल ‘मतिमंद’ आहे असे तुम्ही लिहून दिले आहे, तेव्हा पुढची व्यवस्था कोठे करावी. घरी सगळे ठरून गेले होते.

मी त्यांना बसवून घेतले आणि पाळीची तारीख कोणी सांगितली ते विचारले. मुलीने स्वतः तारीख सांगितलीच नव्हती. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पाळी आल्यामुळे उपवासाची पूजा राहिली, एवढे सासूबाईंच्या लक्षात होते. त्यावरून कोणीतरी दिनदर्शिका पाहून २४ जुलै ही तारीख लिहिली. परंतु २४ जुलै हा अधिक श्रावणातला सोमवार. श्रावणी सोमवारचे व्रत निज श्रावणात असते आणि त्याचा पहिला सोमवार त्या वर्षी २१ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी होता. म्हणजे गर्भ एकोणीस आठवड्यांचा नव्हता, पंधरा आठवड्यांचा होता. आरंभीच्या महिन्यांत सोनोग्राफी झालेली नव्हती. त्या दिवशीच करविली, आणि गर्भाच्या मस्तकाच्या मापाने निज श्रावणाच्या बाजूने कौल दिला. त्याच रक्ताच्या त्याच आकड्यांचा नव्या वयाने पुन्हा हिशेब केला तेव्हा संभव साठात एक होता तो हजारांत एकाहूनही खाली गेला.

हे कसे झाले ते समजून घेतले म्हणजे परीक्षेचे सारे रहस्य समजते, म्हणून थोडा वेळ मागते.

आल्फा फीटोप्रोटीन हे गर्भाच्या यकृतात तयार होणारे प्रथिन आहे. ते थोडे थोडे मातेच्या रक्तात उतरते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात आठवड्यागणिक सुमारे सात-आठांत एक या मानाने वाढत जाते. ईस्ट्रिऑल हे संप्रेरक गर्भ आणि वार या दोघांच्या भागीदारीत बनते. तेही चढत जाते. उलट एच.सी.जी. हे वारेत बनणारे संप्रेरक तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शिखरावर असते आणि नंतर उतरू लागते. आता डाउन सिंड्रोम असलेल्या गर्भाच्या मातेच्या रक्तात, स्थूलमानाने, पहिली दोन द्रव्ये अपेक्षेच्या पाऊणपट असतात आणि एच.सी.जी. दुप्पट असते. जणू गर्भ आहे त्यापेक्षा लहान असल्यासारखे रक्त बोलते. म्हणून खरोखरच लहान असलेल्या गर्भाचे वय कागदावर वाढवून लिहिले, तर निरोगी गर्भाचे रक्तही हुबेहूब डाउन सिंड्रोमसारखे दिसू लागते. पंचांगातला एक महिना आणि दोषाची छाया यांत रक्ताला भेद करता येत नाही. तो माणसाने करावयाचा असतो.

या कारणासाठी कोणत्याही द्रव्याचे नुसते प्रमाण पाहून काही कळत नाही. त्याच आठवड्याच्या पुष्कळ निरोगी गर्भवतींचे आकडे चढत्या क्रमाने मांडून मधोमध जो येतो तो मध्यक; आपला आकडा त्या मध्यकाच्या किती पट आहे तेच अहवालात ‘एम.ओ.एम.’ या अक्षरांखाली छापलेले असते. एक म्हणजे अगदी मधला. अर्धा किंवा दोन म्हणजे रोग नव्हे. निरोगी स्त्रियांतही असे आकडे सापडतात, केवळ कमी वेळा सापडतात. शिवाय मातेचे वजन अधिक असेल तर द्रव्ये अधिक रक्तात विरघळून पातळ दिसतात. जुळे असेल तर दुपटीच्या आसपास जातात. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, गर्भधारणा प्रयोगशाळेच्या साहाय्याने झाली असेल, स्त्री धूम्रपान करीत असेल, तरी आकडे हलतात. फॉर्मवर या गोष्टी विचारलेल्या असतात त्या चौकशीच्या हौसेने नव्हे. माझा अनुभव असा, की वजनाच्या रकान्यात निम्म्या भगिनी लग्नापूर्वीचे वजन लिहितात! (हशा) आणि आमच्या व्यवसायाचाही दोष सांगून टाकते: पाश्चात्त्य स्त्रियांच्या आकड्यांवरून काढलेले मध्यक, आपल्याकडील स्त्रियांचे अंगमान व वजन निराळे असताना, तसेच्या तसे वापरणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आपल्या भागातील स्त्रियांचे मध्यक तुम्ही स्वतः काढले आहेत काय, हा प्रश्न प्रयोगशाळेला विचारण्यास संकोच करू नये.

आता ज्या दोषाचा शोध घ्यावयाचा तो काय आहे ते पाहू. मनुष्याच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून, २३ बापाकडून. जुन्या मराठी पुस्तकांत यांना रंगसूत्रे म्हटलेले आढळेल. ही संख्या ४६ आहे हे १९५६ साली स्वीडनमधील लुंड येथे त्यो आणि लेव्हान या दोघांनी दाखवून दिले; तोवर ती ४८ मानली जात असे. तीनच वर्षांनी, १९५९ साली, पॅरिसमध्ये लजन, गोतिए आणि त्यूर्पँ यांनी सिद्ध केले की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत क्रमांक २१ चे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. पेशी वाढविण्याचे किचकट काम ज्या मार्त गोतिए या बाईंनी केले, त्यांच्या वाट्याला कीर्तीचा लहान हिस्सा आला. शास्त्राच्या घरातही सुनेची कामे कोणी मोजीत नाही असे तेव्हा मनात येते. मुलांचे वर्णन मात्र जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने १८६६ सालीच केले होते. त्याने या मुलांसाठी मंगोल वंशावरून जो शब्द रूढ केला तो अपमानकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९६५ साली मंगोलियाच्या विनंतीवरून सोडून दिला. आपणही तो सोडावा. आणि त्याबरोबर ‘वेडसर’, ‘अर्धवट’ हे आपले घरगुती शब्दही सोडावेत. क्रमांक १८ किंवा १३ चे गुणसूत्र तिहेरी झाले तर दोष फार गंभीर असतो आणि अशी बहुतेक मुले पहिल्या वर्षातच जातात. क्रमांक १८ च्या दोषात आल्फा फीटोप्रोटीन, ईस्ट्रिऑल आणि एच.सी.जी. ही तिन्ही द्रव्ये खाली उतरतात, म्हणून तोही याच परीक्षेत बऱ्याच वेळा दिसून येतो.

हे तिसरे गुणसूत्र येते कोठून? येथे मी ज्ञातिमंडळाच्या सभेत उभी आहे हे ध्यानात ठेवून बोलते. असे मूल जन्मले की प्रथम सुनेचे माहेर तपासले जाते, मग कुळ, मग पत्रिका, मग ग्रहणात तिने काय चिरले ते. या सर्व चौकशा व्यर्थ आहेत. दहांपैकी सुमारे नऊ वेळा हे अधिक गुणसूत्र स्त्रीबीज पक्व होताना घडलेल्या चुकीतून येते. परंतु ते बीज कधी घडू लागले ते ऐका. स्त्रीची सर्व बीजे ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच निर्माण होतात, त्यांचे विभाजन तेथेच सुरू होते आणि मध्येच थांबून राहते. वीस, तीस, चाळीस वर्षांनंतर ते बीज पक्व होते तेव्हा पुढे सरकते. म्हणजे आपल्या नातवाचे बीज आजीच्या उदरात आरंभलेले असते. इतका काळ थांबलेल्या कामात जोड सुटण्याऐवजी चिकटून राहिली, तर त्यात त्या मुलीचा अपराध कोणता? वय वाढते तसा हा संभव वाढतो एवढे मात्र खरे. विसाव्या वर्षी सुमारे पंधराशे जन्मांत एक, तिसाव्या वर्षी नऊशेंत एक, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेंत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. तरीदेखील अशी बहुसंख्य मुले पस्तिशीच्या आतल्या मातांच्या पोटी जन्मतात, कारण एकूण मुलेच त्यांच्या पोटी अधिक जन्मतात. ‘आमची सून लहान आहे, तिला परीक्षेची गरज नाही’ हे म्हणणे म्हणून टिकत नाही.

याला एक अपवाद आहे. शंभरांत तीन-चार वेळा २१ वे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला जोडलेले असते, आणि ती जोडणी आईकडून किंवा बापाकडून आलेली असू शकते. स्वतः त्या माणसाला काहीही व्याधी नसते. म्हणून असे मूल झाल्यास त्याची गुणसूत्रे तपासून घ्यावीत, आणि जोडणी आढळल्यास दोघांही पालकांची तपासावीत. दोघांचीही असे मी मुद्दाम म्हणते. मामेबहीण-आतेभाऊ यांच्या विवाहाचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्या विवाहांत थॅलसेमियासारखे, दोन्हीकडून गुप्तपणे येणारे आजार उतरण्याचा धोका वाढतो. एकाच ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या की तसाच प्रश्न काही प्रमाणात उद्भवतो. त्यासाठी विवाहापूर्वी हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण तपासणारी साधी रक्तपरीक्षा आहे, आणि परिचय मेळाव्याच्या अर्जात रक्तगटाच्या शेजारी तिला एक रकाना मिळावा अशी माझी जाहीर सूचना आहे. परंतु तो विषय निराळा. डाउन सिंड्रोमचा आणि नात्यातल्या लग्नाचा तसा संबंध नाही.

रक्तातील खुणांचा शोध लागला तोही एका आईच्या प्रश्नातून, असे सांगतात. आल्फा फीटोप्रोटीन वाढलेले असेल तर गर्भाच्या पाठीचा कणा अथवा मस्तक उघडे राहिलेले असू शकते, हे १९७० च्या दशकात कळले होते. त्यासाठीच ते मोजीत. अमेरिकेत एका स्त्रीचे मूल क्रमांक १८ च्या दोषाने जन्मले. तिने वैद्यांना विचारले, माझा आकडा फार कमी आला होता, त्याचा याच्याशी संबंध आहे काय? जुने कागद काढून पाहिले तेव्हा संबंध दिसला. १९८४ साली मर्कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. मग १९८७ साली वाढलेल्या एच.सी.जी. ची भर पडली, आणि १९८८ साली लंडनच्या वॉल्ड, ककल प्रभृतींनी तीन द्रव्ये व मातेचे वय यांचा एकत्र हिशेब मांडला. तीच ट्रिपल मार्कर परीक्षा. पुढे इन्हिबिन ए हे चौथे द्रव्य आले, तेही डाउन सिंड्रोममध्ये दुपटीच्या आसपास असते, आणि क्वाड्रुपल परीक्षा झाली. तिसऱ्या महिन्यात, अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान करावयाची ती डबल मार्कर. तीत ‘पॅप-ए’ हे वारेचे प्रथिन निम्म्यावर आलेले आणि मुक्त बीटा एच.सी.जी. दुपटीकडे गेलेले आढळते. तिच्यासोबत सोनोग्राफीने गर्भाच्या मानेमागील पाण्याचा थर मोजतात. ही दुसरी गोष्ट १९९२ पासून लंडनच्या निकोलाइडीस यांनी प्रचारात आणली. दोन्ही मिळून केली तर परीक्षा चांगली. नुसते रक्त देऊन मानेचे माप टाळले तर तिचे बळ बरेच घटते, आणि पैसे वाचविण्यासाठी नेमके तेच टाळले जाते.

बळ म्हणजे किती? येथे थोडे अंकगणित सोसावे लागेल. उदाहरणादाखल समजा, सोळा हजार गर्भवतींची क्वाड्रुपल परीक्षा केली, आणि आठशेंत एक या मानाने त्यांत डाउन सिंड्रोमचे वीस गर्भ आहेत. ही परीक्षा शंभरांत सुमारे ऐंशी गर्भ हुडकते. म्हणजे सोळा सापडतील, चार निसटतील. पण त्याच वेळी निरोगी गर्भ असलेल्या शंभरांतील पाच स्त्रियांना ती ‘हाय रिस्क’ म्हणते. म्हणजे सुमारे आठशे स्त्रियांना. ‘हाय रिस्क’ चा कागद मिळालेल्या आठशे सोळा जणींत खरोखर दोष असलेले गर्भ सोळाच. एक्कावन्नांत एक! उरलेल्या पन्नास जणी रात्र रात्र झोपत नाहीत. बहुतेक ठिकाणी अडीचशेंत एक किंवा त्याच्या आसपास ही सीमारेषा धरतात. तुमचा आकडा अडीचशेंत एक आला तर त्याचा अर्थ, तुमच्यासारख्या अडीचशे स्त्रियांतील दोनशे एकोणपन्नास जणींच्या मुलाला हा दोष नाही.

आपण धान्य चाळतो. चाळणीत जे वर राहते ते सगळे खडेच असतात काय? त्यात जाड गहूही असतो. म्हणून चाळल्यावर आपण ते ताटात घेऊन बोटांनी निवडतो. चाळणीसकट उकिरड्यावर टाकून देत नाही. रक्ताची परीक्षा ही चाळणी आहे. निवडण्याची परीक्षा निराळी. अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश, किंवा पंधरा आठवड्यांनंतर सुईने गर्भजल काढून त्यातील पेशींची गुणसूत्रे मोजावयाची. सराव असलेल्या हातांत यामुळे गर्भपात होण्याचा धोका दोनशेंत एकाहूनही कमी आहे. पण आहे, म्हणून ती सरसकट सर्वांची करीत नाहीत आणि म्हणूनच चाळणीची गरज पडते. पेशी वाढवून केलेल्या तपासणीला दोन-तीन आठवडे लागतात; मुख्य गुणसूत्रांपुरता त्वरित अहवाल दोन-तीन दिवसांतही मिळू शकतो, तो मागून घ्यावा.

अलीकडे या दोहोंच्या मध्ये ‘एन.आय.पी.टी.’ ही आणखी एक रक्तपरीक्षा आली आहे. मातेच्या रक्तात गर्भाकडील डी.एन.ए. चे तुकडे तरंगत असतात हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. २०११ पासून त्यावरची परीक्षा विक्रीस आली. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते. डाउन सिंड्रोमपुरती ती शंभरांत नव्याण्णव गर्भ हुडकते आणि हजारांत एखाद्याच निरोगी गर्भाविषयी चुकते. आपल्या सोळा हजारांच्या हिशेबात आठशे खोट्या गजरांच्या जागी सोळाच उरतील. परंतु ध्यानात घ्या, खरे वीस आणि खोटे सोळा. शिवाय ते तुकडे वारेतून आलेले असतात, प्रत्यक्ष गर्भातून नव्हे, आणि क्वचित् वारेत एक व गर्भात दुसरे असे घडते. तेव्हा हीदेखील चाळणीच आहे, अधिक बारीक विणीची. तिची किंमत डबल मार्करच्या कित्येक पट आहे. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य करावी, परंतु तिच्या कागदावरही गर्भजलाच्या खात्रीवाचून कोणताच निर्णय घेऊ नये.

आता दुसरी हकीकत, कारण पहिलीवरून कोणी असे समजू नये की परीक्षा केवळ उगाच घाबरविते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाईंच्या अहवालात दोन हजारांत एक असा निश्चिंत करणारा आकडा आला होता. मुलगा डाउन सिंड्रोमचा झाला. वडील अहवाल घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही आम्हांला फसविलेत.’’ मी फसविले नव्हते. दोन हजारांतला तो एक त्यांच्या घरी आला होता. पण कागद देताना ‘सर्व ठीक’ असे मोघम सांगण्यात आले होते आणि ते सांगणाऱ्यांत मीही होते. त्यांचा राग मला योग्य वाटला, आजही वाटतो. त्या मुलाच्या हृदयात छिद्र होते. या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. पहिल्या वर्षातच त्याची शस्त्रक्रिया झाली. बोलावयास उशीर लागला, गळ्यातील ग्रंथीचे औषध कायमचे लागले. आज तो विशीच्या उंबरठ्यावर आहे. वडिलांच्या दुकानात पुड्या बांधतो, गिऱ्हाइकांची नावे त्याला वडिलांपेक्षा अधिक पाठ आहेत. त्याच्या आईची काळजी आमच्यामागे काय होईल ही आहे, आणि तिला माझ्याजवळ उत्तर नाही. ही मुले पूर्वी बालपणीच जात. हृदयाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्यापासून प्रगत देशांत ती साठीपर्यंत जगतात. म्हणजे प्रश्न आईवडिलांपुरता राहत नाही. मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत अशा मुलांसाठी एकही शब्द नाही, हे मी आज सकाळी नियमावली वाचून पाहिले.

निर्णयाविषयी मी सल्ला देणार नाही. कोणी असे मूल वाढविण्याचे ठरवितो, कोणी न वाढविण्याचे. दोन्ही घरांत मी शहाणी व प्रेमळ माणसे पाहिली आहेत. कायदा काय म्हणतो एवढे सांगते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भसमापन कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक वर्गांतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास त्यापुढेही परवानगी मिळू शकते. आणि प्रत्येक वेळी, सज्ञान स्त्री असेल तर, संमती तिची लागते. पतीची नव्हे, सासऱ्यांची नव्हे, मामांची तर नव्हेच नव्हे. ते तिघेजण माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना प्रथम हेच सांगितले आणि मग पंचांग काढले.

आणखी एक कायदा आपल्याला विसरता येणार नाही. गर्भजलाची परीक्षा दोष शोधण्यासाठी आली आणि आपण तिने मुली शोधून मारल्या. त्यावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रात झाला, नंतर १९९४ साली देशाचा झाला. एन.आय.पी.टी. च्या रक्तातही मुलगा की मुलगी हे दिसते. ते सांगणे व विचारणे दोन्ही गुन्हा आहे. रक्त देताना ‘बाकीचेही काही कळले तर सांगा’ असे सूचक हसून म्हणणारी सुशिक्षित माणसे मला भेटली आहेत. त्यांतील काही याच सभागृहात बसणाऱ्यांसारखी होती.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगून थांबते. पाळी चुकली की तारीख इंग्रजी महिन्याने लिहून ठेवा. तिथी लक्षात असेल तर तीही लिहा, पण महिना अधिक की निज ते लिहा. (हशा) हसण्यावारी नेऊ नका, एक मूल त्यावर वाचले आहे. आरंभीच्या आठवड्यांतील सोनोग्राफीचा कागद रक्त देताना बरोबर न्या. त्या वेळी गर्भाची लांबी मोजून ठरविलेले वय सर्वांत विश्वसनीय असते. परीक्षा शक्यतो तिसऱ्या महिन्यातच करा, म्हणजे खात्री करून घेण्यास अवधी मिळतो. पाचव्या महिन्यात कागद हाती आला की दिवस मोजत बसावे लागते. परीक्षा न करण्याचाही तुम्हांला अधिकार आहे; कळल्यावर आपण काय करणार हे ज्यांचे ठरलेले आहे अशी काही जोडपी ती करीत नाहीत, आणि मी त्यांना अडाणी मानीत नाही. पॅप-ए कमी आणि बाकी सर्व चांगले असा अहवाल आला तर वारेची वाढ थोडी अशक्त असू शकते. रक्तदाबाकडे व गर्भाच्या वजनाकडे अधिक लक्ष देण्यास डॉक्टरांना सांगा. आणि फॉलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्यापूर्वीपासूनच घ्या. गुणसूत्रांच्या दोषावर तिचा उपाय नाही, पण कण्याचा दोष तिने पुष्कळ अंशी टळतो.

निज श्रावणातल्या त्या मुलीला मेच्या अखेरीस, २१ ऑगस्टवरून जी तारीख निघत होती तिच्या दोन दिवस अलीकडे, मुलगी झाली. बारशाला मला बोलावणे होते. सासूबाईंनी पेढे देताना ‘तारीख मीच सांगितली होती हो’ असे हळूच कानात सांगितले.

चहापानानंतर मी बाजूच्या खोलीत तासभर बसणार आहे. कोणाजवळ अहवाल असतील तर घेऊन यावे. वरचे नाव झाकून आणले तरी चालेल. मला गर्भाचा आठवडा आणि आकडे दिसले म्हणजे पुरे. ज्या भगिनीचा अहवाल असेल तिने मात्र स्वतः यावे.